पाटी बदलली की मालक बदलला? लेबर कोर्टाचा निवाडा वसूल करायला निघालेल्यांसाठी

निवाडा बाजूने लागला की पेढे वाटायचे, हा आमच्या युनियन ऑफिसातला जुना रिवाज. मी हल्ली पेढे थोडे पुढे ढकलायला सांगतो. मी वकील नाही. कामगारांचे अर्ज लिहिणे, कागद गोळा करणे, तारखांना सोबत जाणे एवढंच माझं काम. पण या कामात एक गोष्ट वारंवार दिसली: खटला जिंकायला सहा वर्षं लागतात, आणि खरी मारामारी निवाड्यानंतर सुरू होते.

समजा, अंधेरीतल्या एका परमिट रूममध्ये चौदा वर्षं राबलेला वेटर. एप्रिल २०१७ अखेर त्याला काढला. एप्रिल २०२३ अखेर निवाडा झाला: पुन्हा कामावर घ्या, सेवा अखंड धरा, मागचा पगार निम्मा द्या. पगार होता महिना १४,०००. बहात्तर महिन्यांचे झाले १०,०८,०००, त्याचे निम्मे ५,०४,०००. तो प्रत घेऊन हॉटेलवर जातो. गल्ल्यावर तोच माणूस, भटारखान्यात तोच आचारी, टेबलांचा सनमायकासुद्धा तोच. फक्त दारावरची पाटी नवी. गल्ल्यावरचा म्हणतो, "अरे, शेठ बदलले. जुन्याने धंदा विकला. पैसे त्याच्याकडे माग."

जुना शेठ म्हणतो, "माझा आता त्या हॉटेलशी संबंध नाही." नवा म्हणतो, "मी तुला ओळखत नाही." आणि वसुलीला आलेला सरकारी माणूस शेरा मारून निघून जातो. हा लेख या तिघांसाठी तयारी कशी करायची याबद्दल आहे.

आधी कायद्याच्या नावांविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. खाली मी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमं वापरली आहेत, कारण सध्या हातात असलेले बहुतेक निवाडे त्याच कायद्याखालचे आहेत आणि कोर्टाच्या आवारात बोलताना लोक अजून "तेहतीस-सी"च (म्हणजे वसुलीचं कलम ३३-सी) म्हणतात. नव्या संहितेत वसुलीची तरतूद कलम ५९ मध्ये आहे. अर्जावर कुठलं कलम लिहायचं ते दाखल करण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या.

पायरी १: निवाडा शेवटून वाचा

बहुतेक जण निवाड्याच्या मधल्या पानांवर रमतात. आपली साक्ष कशी ग्राह्य धरली, मालकाचा साक्षीदार उलटतपासणीत कसा घसरला. वाचायला बरं वाटतं, वसुलीला उपयोग नाही. आधी शेवटचा आदेश वाचा आणि मग पहिल्या पानावरचं विरुद्ध पक्षाचं नाव.

त्या नावात गोम असते. आमच्याकडे एक फाइल आहे, त्यात विरुद्ध पक्ष म्हणून फक्त दुकानाचं नाव होतं. "मेसर्स अमुक हॉटेल", बस. मालक एकटा की भागीदारी, कंपनी की आणखी काही, काहीच नाही. खटला एकतर्फी जिंकला आणि वसुलीत दोन वर्षं फक्त "हे अमुक हॉटेल म्हणजे नेमकं कोण" या एका प्रश्नावर गेली. चूक आमचीच होती. अर्ज लिहिणाऱ्याने पाटीवरचं नाव उतरवून घेतलं होतं.

निवाडा प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांनी तो अमलात येतो (कलम १७-ए). तेवढ्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून ठेवा, दोन तरी प्रती काढा. मालक हायकोर्टात गेला तर घाबरू नका. नुसती रिट दाखल केल्याने निवाडा थांबत नाही, स्थगिती लागते. आणि पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याला आव्हान दिलं असेल, तर दुसरीकडे नोकरी नसल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन तुम्हाला कलम १७-बी खाली शेवटच्या दराने पूर्ण पगार मागता येतो.

पायरी २: "मालक बदलला" म्हणजे नक्की काय झालं, ते ओळखा

घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. "विकलं" हा एक शब्द लोक सात-आठ वेगवेगळ्या व्यवहारांना वापरतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

कंपनी असेल आणि शेअर विकले गेले असतील, तर कायद्याच्या नजरेत काहीच बदललेलं नाही. कंपनी तीच, देणंही तिचंच. डायरेक्टर सगळे नवे असले, ऑफिस नवीन जागी गेलं, फार काय कंपनीचं नाव बदललं तरी निवाडा तिच्यावर लागू. नाव बदलल्याचा दाखला कंपनी निबंधकाकडे असतो, तो अर्जाला जोडा आणि मोकळे व्हा. "मी आत्ताच शेअर घेतले, जुन्या भानगडी मला माहीत नव्हत्या" हे नव्या डायरेक्टरने जुन्या डायरेक्टरला सांगायचं, तुम्हाला नाही. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: देणं कंपनीचं आहे, डायरेक्टरच्या घरादाराचं नाही. त्याच्या फ्लॅटवर जप्ती न्यायची तर कंपनी हा नुसता पडदा आहे, फसवणुकीसाठी उभा केलाय, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

भागीदारी असेल तर कामगाराची बाजू जरा बरी. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा आणि मिळून जबाबदार असतो. निवृत्त झालेला भागीदार त्याच्या काळातल्या देण्यातून आपोआप सुटत नाही. तुम्हाला काढलं त्या तारखेला भागीदार कोण होते, याचा फर्म निबंधकाकडचा उतारा काढा.

एकट्या मालकाचा धंदा असेल आणि तो वारला असेल, तर वारसांवर देणं येतं, पण त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतं. मुलाच्या स्वतःच्या पगारावर हात घालता येत नाही. बापाचं हॉटेल मुलगा चालवतोय, तर ते हॉटेल मात्र त्यात येतं.

आता खरी गुंतागुंत: चालता धंदाच विकला. इथे दोन कलमं लोक एकमेकांत मिसळतात. कलम २५-एफएफ सांगतं की धंद्याचं हस्तांतर झालं तर किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला छाटणीसारखी भरपाई मिळते. सेवा न तुटता, आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर आणि जुनी नोकरी जमेस धरून नवा मालक त्याला ठेवत असेल तर नाही. हे विक्रीच्या दिवशी कामावर असलेल्यांसाठी. तुम्हाला त्याआधीच बेकायदा काढलं होतं आणि तुमच्याकडे निवाडा आहे, म्हणजे तुमचं कलम १८(३). ते सांगतं की निवाडा फक्त त्या मालकावर नाही, तर त्या आस्थापनेबाबत त्याचे वारस, उत्तराधिकारी आणि ज्यांच्याकडे हक्क सोपवले गेले अशांवरही बंधनकारक आहे. "त्या आस्थापनेबाबत" हे शब्द पेनाने अधोरेखित करून ठेवा. नवा मालक जुन्याचा काका आहे की परका, याला महत्त्व नाही. धंदा तोच आहे का, याला आहे.

तोच आहे हे कसं ठरतं? आंध्रातल्या अनकापल्लेच्या सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये कसोट्या घालून दिल्या, त्या अजून चालतात. सगळा धंदा विकला की एखादा तुकडा? चालता विकला की बंद पडल्यावर नुसती यंत्रं? त्याच जागी चालू आहे का? मध्ये मोठा खंड पडला का? नाव, नाळ, गिऱ्हाईक म्हणजे गुडविल सोबत गेलं का? कामाचं स्वरूप तेच का? एकाच कसोटीवर निकाल लागत नाही, सगळ्याची गोळाबेरीज होते. याच निकालाचा आधार घेऊन नव्या मालकाचा वकील म्हणेल की विकत घेणारा जुन्या कामगारांना कामावर घ्यायला बांधील नाही. तो निकाल २५-एफएफची भरपाई मिळणाऱ्या कामगारांविषयी होता आणि तुमचा हक्क निवाड्यातून आलाय, हे वकिलाने ठासून मांडायला हवं.

हॉटेलांत आणखी एक प्रकार सर्रास चालतो, तो म्हणजे "चालवायला देणं", कंडक्टिंग अ‍ॅग्रीमेंट. जागा, परवाने, फर्निचर मूळ मालकाचं. चालवणारा महिन्याला ठरलेली रक्कम देतो. यात मूळ मालक कुठे गेलेलाच नसतो. एफएल-३ परवाना अजून कोणाच्या नावावर आहे ते उत्पादन शुल्क खात्यात विचारा. दारूचा परवाना खात्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर जात नाही, त्यामुळे "मी सगळं विकलं" म्हणणाऱ्या शेठचं नाव तिथे हमखास सापडतं.

बँकेने लिलावात जागा विकली आणि तिसऱ्याने तिथे भलताच धंदा सुरू केला, तर मात्र मी कामगाराला खोटी आशा देत नाही. हॉटेलच्या जागी औषधाचं दुकान आलं तर दुकानदार तुमचा उत्तराधिकारी नव्हे.

पायरी ३: कागद गोळा करा, आणि सुरुवात बिलापासून करा

सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे चहाचं बिल. खरंच. नव्या पाटीच्या हॉटेलात कुणाला तरी पाठवा, एक कटिंग आणि इडली खाऊन छापील बिल घेऊन या म्हणावं. त्यावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. जुनं बिल कुणाकडे असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. मधली दहा अक्षरं जुळली, तर पाटी बदलली पण करदाता तोच. संपला वाद. जुळली नाहीत तर पॅनचं चौथं अक्षर बघा: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे फर्म किंवा एलएलपी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. एवढ्यावरून पुढे कुठल्या निबंधकाकडे जायचं ते कळतं. तोच क्रमांक जीएसटीच्या साइटवर टाकला की कायदेशीर नाव, धंद्याचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. जुन्याची नोंदणी रद्द झाली त्याच्या मागेपुढे आठवड्याभरात त्याच पत्त्यावर नवी नोंदणी झाली असेल, तर धंद्यात "मोठा खंड" नाही हे तुम्ही न बोलता दाखवलंत. खाण्याच्या धंद्यात बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकही असतो, तोही टिपून घ्या.

दुसरा पुरावा सहकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये असतो. अजून कामावर असलेल्या एखाद्या मित्राचं पीएफचं पासबुक उघडा. आस्थापनेचा कोड विक्रीच्या आधी आणि नंतर तोच राहिला असेल, तर नव्या मालकाने स्वतःच सरकारला लिहून दिलंय की आस्थापना तीच आहे. मित्राला साक्षीला उभं करायची गरज नाही, त्याची नोकरी जाईल. पीएफ ऑफिसच्या साइटवर आस्थापना शोधता येते, तिथून कोड आणि भरणा दिसतो.

बाकीचे कागद भराभर सांगतो. कंपनीची माहिती आणि तिच्यावरचे बोजे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर. गुमास्ता नोंदणी, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, हे माहितीच्या अधिकारात मागवा. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि दुसऱ्याच्या नावे करायला महामंडळाची परवानगी लागते. त्या परवानगीच्या अर्जात खरा व्यवहार काय झाला ते मालकांनी स्वतःच्या सहीने लिहिलेलं असतं. जागेसाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि विक्रीखतासाठी सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला इंडेक्स-टू). विजेचं बिलही बघा. कित्येकदा मीटर अजून जुन्या शेठच्याच नावावर असतो.

विक्रीखत किंवा धंदा हस्तांतराचा करार मिळाला तर "देणी" हे कलम वाचा. त्यात साधारण "या तारखेपर्यंतची सर्व देणी विकणाऱ्याची" असं लिहिलेलं असतं. नवा मालक तेच वाक्य कोर्टात फडकावतो. ते त्या दोघांमधलं आहे. तुम्ही त्यावर सही केलेली नाही.

तारखांचा एक कागद मात्र स्वतः बनवा. एका रकान्यात खटल्याच्या तारखा: नोटीस मिळाली, साक्ष झाली, निवाडा झाला. शेजारच्या रकान्यात धंद्याच्या तारखा: करार, जीएसटी रद्द, नवी फर्म, नवा परवाना. साक्ष संपत आली आणि महिन्याभरात मेव्हण्याच्या नावाने फर्म निघाली, असं काही दिसलं तर वेगळं भाषण करावं लागत नाही.

पायरी ४: कुठलं दार ठोठवायचं

रक्कम निवाड्यातच आकड्यात लिहिली असेल, किंवा साध्या हिशोबाने निघत असेल आणि त्यावर वाद नसेल, तर कलम ३३-सी(१). अर्ज कामगार आयुक्तालयाकडे जातो. तिथून जिल्हाधिकाऱ्याला वसुली प्रमाणपत्र जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

हिशोबावर वाद असेल तर कलम ३३-सी(२), लेबर कोर्टात. इथे एक वर्षाची मुदत नाही. हे कोर्ट इथे अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टासारखं वागतं: आधी ठरलेल्या हक्काचे पैसे मोजतं, नवा हक्क जन्माला घालत नाही. नवा मालक नेमकं इथेच बोट ठेवतो. "हा माझा कामगारच नव्हता, हा मूळ वाद आहे, ३३-सी मध्ये ठरवता येणार नाही." उत्तर असं द्यायचं: कामगार-मालक नातं निवाड्याने ठरलं आहे, ते पुन्हा उघडायचं नाही. प्रश्न एवढाच की निवाडा आज कोणावर बांधील आहे, आणि तो आनुषंगिक प्रश्न आहे. १९६३ मध्ये सेंट्रल बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिशोबासाठी लागणारे आनुषंगिक प्रश्न या कलमाखाली तपासता येतात असं म्हटलेलं आहे. अर्जात "उत्तराधिकारी" हा शब्द आणि त्याची कारणं सविस्तर लिहा. एका ओळीत उरकलेला मुद्दा एका ओळीतच फेटाळला जातो.

तिसरं दार कमी लोक वापरतात. २०१० च्या दुरुस्तीने कलम ११ मध्ये (९) आणि (१०) ही पोटकलमं आली. त्यामुळे निवाडा दिवाणी कोर्टाकडे पाठवून हुकूमनाम्यासारखी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, चालवता येते. मालकीचा वाद होणारच असं आधीपासून दिसत असेल, तर मला हे दार जास्त आवडतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ मध्ये जप्तीवरची हरकत कशी ऐकायची, पुरावा कसा घ्यायचा याची ठरलेली वाट आहे. महसुली वसुलीत तेवढी नाही.

तुमची केस अनुचित श्रमप्रथेखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली असेल, तर कलम ५० खाली त्याच कोर्टाकडून वसुली प्रमाणपत्र मागा. आदेश न पाळल्याबद्दल कलम ४८ खाली फौजदारी तक्रारही होते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. रक्कम फुटकळ, पण आरोपी म्हणून हजर राहावं लागतं याची मालकांना फार अडचण वाटते. सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हा कायदा गोव्यात लागू नाही.

पायरी ५: सगळ्यांना पक्षकार करा

जुना शेठ, नवी फर्म, तिचे भागीदार, चालवणारा. सगळे. "एकालाच धरू, सोपं पडेल" हा मोह टाळा, कारण तो एक नेमका दुसऱ्याकडे बोट दाखवणार. दोघं एकाच कोर्टात एकमेकांसमोर आले की गंमत होते. नवा आपला करार दाखवून जुन्यावर ढकलतो, जुना सांगतो "मी किमतीतून तेवढे कापून दिले होते". तुम्हाला जो करार दोन वर्षं मिळत नव्हता तो ते स्वतःच दाखल करतात.

पत्ता लिहिताना धंद्याचा, नोंदणीकृत ऑफिसचा आणि घरचा असे तिन्ही लिहा. "कंपनी बंद" असा पोस्टमनचा शेरा असलेलं पाकीट परत आलं तर फेकू नका, न उघडता फाइलला लावा. आणि त्याच दिवशी चालू धंद्याचा बिलासकट फोटो काढा.

खटला अजून चालू असतानाच धंदा विकल्याची कुणकुण लागली, तर तेव्हाच नव्याला पक्षकार करायचा अर्ज द्या. माझं म्हणणं फार तर एवढंच आहे: मालक कोण, हे वसुली अधिकारी ठरवणार नाही. ते कोर्टाकडून जितक्या लवकर ठरवून घ्याल तितकं पुढचं सोपं. नव्याला नोटीसच मिळाली नव्हती, अशा एकतर्फी निवाड्यावर "मला ऐकलंच नाही" हा त्याचा सगळ्यात चांगला बचाव असतो.

एक गैरसमजही काढून टाकतो. "खटला चालू असताना विकलं, म्हणजे विक्री रद्द" असं लोक छातीठोक सांगतात. ते कलम (मालमत्ता हस्तांतर कायदा, ५२) ज्या खटल्यात त्या स्थावर मालमत्तेच्या हक्काचाच वाद आहे त्यासाठी आहे, पगाराच्या खटल्याला ते लागत नाही. तुमच्या कामाचं कलम ५३: घेणेकऱ्यांना बुडवायच्या किंवा रखडवायच्या हेतूने केलेलं हस्तांतर त्यांच्या मागणीवरून रद्द ठरू शकतं. तिथे हेतू दाखवावा लागतो आणि चांगल्या विश्वासाने, मोबदला देऊन घेतलेल्याला संरक्षण आहे. मघाचा तारखांचा कागद इथे पुन्हा काढा. जप्ती झाल्यानंतर केलेली खासगी विक्री मात्र त्या जप्तीपुरती निरर्थक. म्हणून जप्ती लवकर.

पायरी ६: तहसील कचेरी

प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे गेलं म्हणजे पैसे आले असं नाही. ते तिथून तहसीलदाराकडे, पुढे मंडळ अधिकारी किंवा तलाठ्याकडे उतरतं आणि शेतसारा, गौण खनिज, बिल्डरांची देणी यांच्या ढिगात बसतं. तुम्हाला आवक क्रमांक मिळवून पंधरा दिवसांनी फेरी मारावी लागते. जाताना हात हलवत जाऊ नका. प्रमाणपत्राची प्रत, मालमत्तेची यादी, बँक खात्याची माहिती (तुमचा पगार कुठल्या खात्यातून यायचा ते तुमच्या पासबुकात आहे), सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळं एका फाइलमध्ये आयतं द्या. कर्मचाऱ्याला शोधायला लावलंत तर तो शोधणार नाही.

जमीन सापडली तर आधी बोजा चढवायची विनंती करा. सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात वसुलीची नोंद पडली की विक्री अडते, आणि मालक आपणहून फोन करतो. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर १८९० च्या महसूल वसुली कायद्याखाली एका जिल्हाधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे प्रमाणपत्र पाठवता येतं.

"सदर ठिकाणी वेगळाच व्यवसाय आढळला, मालक मिळून आले नाहीत." हा शेरा येणार, गृहीतच धरा. कर्मचाऱ्याशी भांडू नका. शेरा लेखी घ्या, तारखेसह. तो शेरा आणि शेजारी नव्या-जुन्या धंद्याचे कागद जोडून कोर्टात जाता येतं. नुसतं "ते काही करत नाहीत" असं सांगून जाता येत नाही. प्रकरण वर्षभर पडून राहिलं तर ठरावीक मुदतीत वसुली करा असा आदेश हायकोर्टाकडून मागता येतो.

पायरी ७: हरकत आली

जप्तीचा पंचनामा झाला की तिसराच माणूस उगवतो: "फ्रिज माझा, काउंटर माझं, दुकान माझं." दिवाणी कोर्टात दरखास्त असेल तर ऑर्डर २१, नियम ५८ खाली याचा निर्णय तेच कोर्ट करतं, वेगळा दावा लागत नाही. वस्तू विकली गेल्यावर आलेली, किंवा मुद्दाम उशिरा केलेली हरकत कोर्ट ऐकून घ्यायचं नाकारू शकतं.

हरकतदाराला विचारायचे प्रश्न साधे असतात. फ्रिज कधी घेतला? बिल कोणाच्या नावाने? पैसे कुठल्या खात्यातून गेले? धंदा घेताना गल्ल्यात, मालात, डिपॉझिटमध्ये किती रक्कम आली आणि ती हिशोबात कुठे दिसते? कामगार किती होते, त्यातले जुने किती ठेवले? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडकतात. जुने पंधराच्या पंधरा ठेवले आणि फक्त निवाडा घेऊन आलेला नको, हे उत्तर रेकॉर्डवर आलं की निम्मं काम झालं.

दोन कंपन्या वेगळ्या दाखवून आत एकच कारभार असेल, तर पडदा बाजूला करायला कोर्ट तयार असतं. १९७८ मध्ये केरळमधल्या दोरखंडाच्या कारखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मध्ये ठेकेदार असले तरी आर्थिक नियंत्रण ज्याचं तोच मालक धरला. १९८५ मध्ये भावनगरच्या एका रबर कंपनीने बोनस कमी दिसावा म्हणून गुंतवणूक दुसऱ्या कंपनीत सरकवली, तीही चाल तिथे टिकली नाही. मात्र नुसता संशय पुरत नाही. एकच फोन, एकच अकाउंटंट, एकाच खात्यातून दोन्हीकडचे पगार, असे दिसणारे धागे हवेत.

पीएफ आणि दिवाळखोरी

पीएफची थकबाकी निवाड्याच्या रकमेत घोळू नका. तिचा रस्ता वेगळा आणि जास्त भक्कम आहे. पीएफ कायद्याच्या कलम १७-बी प्रमाणे आस्थापना विकली, भाड्याने दिली किंवा चालवायला दिली, तरी हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या रकमेला जुना आणि नवा दोघंही मिळून आणि एकेकटे जबाबदार. नव्याची जबाबदारी हस्तांतरात मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. पीएफ ऑफिसात तक्रार करा, उत्तराधिकारी वगैरे सिद्ध करत बसावं लागत नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहिरात आली तर वसुली तिथेच गोठते. मोरॅटोरियम लागतो आणि प्रमाणपत्र कपाटात जातं. मग एकच काम, मुदतीत फॉर्म डी भरून दावा दाखल करणं. संघटनेमार्फत बऱ्याच जणांचा एकत्र द्यायचा तर फॉर्म ई. निवाडा जोडा. कंपनी पुन्हा उभी करायची योजना मंजूर झाली की त्या योजनेत नसलेले जुने दावे संपतात, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. नवा मालक तिथे खरोखर कोरी पाटी घेऊन येतो, त्यामुळे "नंतर बघू" इथे चालत नाही. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून मोडीत काढली गेली, तर कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने बसतात, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी फंडाची रक्कम वाटपाच्या मालमत्तेत धरली जात नाही.

तडजोडीचा फोन

बोजा चढल्यावर किंवा हरकतीची उलटतपासणी जवळ आल्यावर फोन येतो. साधारण नवा मालकच करतो, कारण त्याला बँकेचं कर्ज हवं असतं किंवा परवान्याचं नूतनीकरण अडलेलं असतं. ५,०४,००० च्या जागी अडीच लाख घ्या आणि मिटवा, अशी बोली लागते. घ्यायचे की नाही ते ज्याच्या घरात चूल पेटवायची आहे त्याने ठरवावं, युनियनने त्याच्या वतीने शूर होऊ नये. कामावर पुन्हा घेण्याचा हक्क सोडताय का, ग्रॅच्युइटी आत धरली आहे की वेगळी, पीएफ कोण भरणार, हे मात्र एकेका ओळीत लिहून घ्या. ग्रॅच्युइटी वेगळीच ठेवा.

हप्ते असतील तर एक हप्ता चुकला की निवाड्याची मूळ पूर्ण रक्कम पुन्हा देय होईल, ही ओळ करारात हवीच, आणि सही जुन्या-नव्या दोन्ही मालकांची. चेक असेल तर वटेपर्यंत थांबा. "मिटलं" अशी पुरशिस (लेखी निवेदन) कोर्टात द्यायची ती शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावर, आणि बोजा उतरवायचं पत्रही त्यानंतर. मालकाचा माणूस तहसील कचेरीच्या जिन्यात डिमांड ड्राफ्टची झेरॉक्स दाखवून सही मागेल. झेरॉक्स परत द्या, ड्राफ्ट बँकेत भरा, आणि चार दिवसांनी भेटू म्हणा.